पिस्त्या सफारीतला बडग्या

नागपूर, ३ ऑगस्ट १९८६

जयाचे बाबा यांस,
मनकर्णेचा जयभीम.

आज तुमच्या बहिणीचं कार्ड आलं. मीराआक्का लिहिते का, "माही तब्येत ठणठणीत आहे, पण धोंडबाचं मन काही इथं लागून नाही राहिलं. तुमचं दोघायचं भांडण झालं का वं?"

बाप्पा! तुम्ही तर मले सांगून गेले, आक्काले उठता-बसता येत नाही, पाणी द्याले कोणी नाही, म्हणून उमरेडले जाऊन राहिलो. इकडं मी दोन हप्ते साऱ्या वस्तीले सांगून राहिली का माही नणंद अंथरुणाले खिळली. शेजारच्या कांताबाईनं तर भांड्याची पाटी डोक्यावर घेऊन फिरता फिरता आक्कासाठी ग्लुकोजचे बिस्किटं आणून ठेवले. ते आता मी अन् जया चहात बुडवून खाऊन राहिलो. आक्काले सांगजा, तिच्या आजारपणाचे बिस्किटं चांगले होते.

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी मनोहररावाचं बोलावणं आलं होतं ते आठवलं, मंग मी पदर खोचला अन् सरळ त्यायच्या फाटकावर गेली. बाजूच्या सुखनिवास लेआउटचे, त्या बंगल्यायच्या कॉलनीचे, सेक्रेटरी झाल्यापासून त्या माणसाची मान अशी ताठली का बाजूले पाहाचं तर आंगासकट वळा लागते. म्हटलं, "साहेब, माहा माणूस उमरेडले कायले गेला, तुमाले माहीत आहे का?"

त्यायनं चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणते, "मनकर्णाबाई, धोंडबाशी आमचं बोलणं झालं आहे. लेआउटात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, विकली जातेय. डॉक्टरांचा मुलगा अनंत त्यामुळेच दवाखान्यात आहे, लोक घाबरलेत. धोंडबाचा पूर्वीचा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याने चहाच्या ठेल्यावर बसायचं नाही, वस्तीत राहायचं नाही. तुम्ही ठेला चालवा, आमची हरकत नाही."

मी म्हटली, "पूर्वीचा म्हणजे कधीचा? जया पाळण्यात होती तवाचा! आता ती दवाखान्यात नर्सचं शिकून राहिली, तिच्याच वॉर्डात तुमचा अनंत पडून आहे, अन् तीच त्याले सलाईन लावते." तर म्हणते, "तो प्रश्न नाही."

मंग प्रश्न कोणता आहे, ते मले तुम्हीच सांगा. अवो, मले न विचारता तुम्ही घर सोडलं? ठेला वाचवाले माणूस दिला? मी काय ठेल्याशी लगन लावलं होतं का? मले इतका राग आला आहे का पत्र इथंच बंद करते. पोळ्या झाकून ठेवाची सवय अजून गेली नाही, रोज दोन जास्त होते.

मनकर्णा

*

उमरेड, ९ ऑगस्ट

मनकर्णेस जयभीम.

तुहं पत्र भाच्यानं वाचाले घेतलं अन् पहिल्याच ओळीले रेडिओ बंद केला. म्हणे, मामी लिहून नाही राहिली, बोलून राहिली. मंग मी ते त्याच्या हातातून घेतलं अन् मागं गोठ्यात बसून वाचलं. म्हशीनंही मान वर केली.

खोटं बोललो, हे खरं आहे. तुले सांगतलं असतं तर तू लेआउटच्या मीटिंगमध्ये आली असती, अन् तू आली असती तर मनोहररावाचा चष्मा राहिला नसता अन् ठेलाही राहिला नसता. तुले माहीत नाही, त्यायनं ठेला उचलाचं नक्की केलं होतं. मनोहररावाच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारे केशवराव आहेत ना, व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष, ते उठले अन् लई गोड आवाजात म्हणे, "माझं कोणाशी वैर नाही. पण ज्याच्या हाताला पुडी बांधायची सवय, त्याच्याकडे बोट जाणारच." सारे माह्याकडं पाहाले लागले. मी माह्या हाताकडं पाहिलं. मी म्हटलं, मीच जातो, ठेला राहू द्या. तुहा अन् जयाचा घास त्याच्यावर आहे.

मी गांजाच्या पुड्या विकल्या, नाही म्हणत नाही. पण तवा तिथं संत्र्याचा बगीचा होता अन् मधात माह्या लाकडाच्या डब्ब्यावर बसून मी विकत जाओ. गिऱ्हाईक कोण? हमाल, टांगेवाले, तालमीतले पैलवान, फिरते साधू. विकणारा अन् घेणारा एकाच ओळीत बसे. चिलीम फिरे, भजन होये, मंग सारे घोरत. कोणाचं पोरगं आलं तर मी कान धरून वापस पाठवत जाओ. तू रागावली, पोरीचा बाप असं करते का म्हटली, अन् मी सोडलं, चहाचं भगोनं धरलं. ते चांगलं होतं असं माहं म्हणणं नाही. पण हे जे आता चालू आहे ते माह्या समजुतीतलंच नाही. घेणारा स्कूटर बंद करत नाही, विकणाऱ्याचं तोंड पाहत नाही. बगीचा गेला, प्लॉट आले, भाव वाढले, अन् पुडीचाही बंगला झाला.

इथं माहं बरं चाललं आहे. आक्का भरपूर खाऊ घालते. मले काही आठवण-बिठवण येत नाही. ठेल्याच्या बाकावर सकाळी कोण कोण येऊन बसते ते सविस्तर लिहिजो. दुधवाला पाणी घालते का? माह्या जाग्यावर कोणी बसत तर नाही?

धोंडबा

*

नागपूर, १८ ऑगस्ट

जयाच्या बाबास जयभीम.

आठवण येत नाही म्हणता. ठीक आहे. मंग मागच्या बुधवारी पाण्याच्या टाकीच्या मागं कोण उभं होतं?

तुमाले वाटलं मनकर्णा चहा गाळून राहिली, तिले काय दिसते. अवो, त्या टाकीच्या खांबाची रुंदी एवढीशी अन् तुमचं पोट एवढं! अर्धं इकडून, अर्धं तिकडून दिसून राहिलं होतं. डोक्याले तोच हिरवा गमछा. उमरेडच्या बसनं आले, उन्हात उभे राहिले, अन् तशेच वापस गेले. मी हाक मारणारच होती. पण बाकावर मनोहरराव बसले होते, म्हणून तोंड दाबून धरलं. एक कप चहा भरून टाकीच्या बाजूनं ठेवला होता, तो तुमच्यासाठीच होता. तो घ्याले या, म्हणून मी तीनदा खाकरली. तुम्ही काही आले नाही. शेवटी तो चहा केशवरावानं घेतला.

आता बाकाची गोष्ट ऐका. सकाळी पयले येते लेआउटातली यमुताई, दूध घ्याले, अन् तुमची चौकशी करून जाते. रोज म्हणते, "धोंडबा असता तर साखर मोजून पडली असती." मंग हापिसचे लोक. पयले मातीच्या चुलीवरच्या चहाले नाकं मुरडत, आता उभ्यानं दोन दोन कप पेते. लेआउट असं सुधरून राहिलं का विचारू नका. फाटकाले जाळी, गच्चीवर टीव्हीचे काटे, अन् प्रत्येकाच्या नावाची पाटी. रस्ता तर इतका गुळगुळीत झाला का स्कूटरवाले पोट्टे थांबतच नाही, वेग कमी करते, कोणाशी तरी हात मिळवते अन् गेले. सारं उजेडी, इस्त्रीच्या कपड्यात. तुमचे साधू त्यायच्यापुढं लेकरं होते.

विकणारा कोण, ते काही समजत नाही. समितीचे लोक मात्र दर रविवारी वस्तीत येते अन् आमच्या पेट्या उघडून पाहते. केशवराव सोबत राहते, पण ते भले आहे. म्हणते, "जरा हळू, बायकांची भांडी आहेत." असे माणसं कमीच.

पेट्या उघडल्या म्हणून कांताबाईले राग आला. तुमाले तर माहीत आहे, दरसाल वस्तीतले पोट्टे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गवत-चिंध्यायचा बडग्या करते, गल्लीतून फिरवते, "घेऊन जाय गे मारबत" म्हणत दूर नेऊन जाळते. यंदा आम्ही बाया करून राहिलो. गर्दवाल्याचा बडग्या! अन् वस्तीतून नाही, लेआउटातून फिरवणार, एक एक फाटकावर थांबणार. त्यायले दिसलं पाहिजे का गर्दचा राग आम्हालेही आहे, त्यायच्याहून जास्त आहे. पूजा कांताबाई करन, जाळाचं मी करन.

पुढच्या वेळी टाकीमागं यायचं असन तर पयले पोट कमी करा.

मनकर्णा

*

उमरेड, २४ ऑगस्ट

मनकर्णेस जयभीम.

टाकीमागं मी नव्हतो. हिरवे गमछे बाजारात पुष्कळ मिळते.

बरं, होतो. चहा दिसला होता. पण मनोहररावाले दिलेला शब्द मोडला असता तर उद्या ठेला उचलाले त्यायले कारण भेटलं असतं. बसमध्ये बाजूच्या माणसानं विचारलं, "काका, डोळ्यात काही गेलं का?" मी म्हटलं, हाव, धूळ गेली. बस उभीच होती अजून स्टँडवर, धूळ कुठून येणार? त्यानं मले अर्धं केळं देल्लं.

बडग्याचं मले पटलं नाही. आपल्या घरात पोळा नाही, मारबत नाही, बौद्ध दीक्षा घेतली तवाच माह्या बाबानं हे सारं सोडलं. पण ते जाऊ दे, गवताच्या माणसात देव कुठी असते? मले भेव वेगळं आहे. तुम्ही लेआउटात आरडाओरडा करान अन् ते म्हणतीन, पाहा, धोंडबा गेला तरी त्याची बायको दंगा करून राहिली. मंग तूही नाही अन् ठेलाही नाही. दोन-चार महिन्यात विसरतीन लोक. मी इथं पडून राहतो. माह्यापायी तू कोणाशी भांडू नको.

तिखट कमी खाजो. जयाले सांग, अनंताले बरं वाटलं का ते कळव. पोरगा सरळ आहे, ठेल्यावर यायचा तवा कप स्वतः विसळत जाये.

धोंडबा

*

नागपूर, ६ सप्टेंबर

जयाच्या बाबास जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. भांडू नको म्हटलं ना? नाही भांडली. पण बडग्या निघाला, अन् असा निघाला का आपल्या प्रतापनगरात असा बडग्या झाला नसन!

कांताबाई भांडे देऊन जुने कपडे घेते ना, तिच्या त्या गाठोड्यात एक सफारी होता. पिस्त्या रंगाचा, चांगला टेरिकॉटचा. खिशाजवळ सिगारेटनं भोक पडलं होतं म्हणून बाजारात कोणी घेईना, तिनं फुकट देल्ला. कोण्या घरून स्टीलच्या भगोन्याच्या बदल्यात घेतला ते तिलेही आठवत नव्हतं, रोज चाळीस घरं फिरते ती. आम्ही त्यात गवत ठासलं. पोट्ट्यायनं फुटका काळा चष्मा आणला, मी काजळानं मिशा काढल्या. खिशात विटेच्या चुऱ्याच्या पुड्या भरल्या, थोड्याशा बाहेर लोंबत ठेवल्या. गळ्यात पुठ्ठा, "गर्दवाला." अवो, इतका साहेब दिसे का आपल्या वस्तीतल्या पार्वतीबाईनं त्याले पाहून डोक्यावर पदर घेतला!

मंग निघालो. पुढं डफडं, मधात बडग्या, मागं आम्ही बाया.

"पुडी-बिडी, गर्द-बिर्द, घेऊन जाय गे मारबत!"

पयले तर लेआउटवाल्यायनं दारं लावली. मंग खिडक्या उघडल्या. मंग यमुताई खाली आली अन् ती पण ओरडाले लागली. तिचा आवाज एवढा असन असं वाटलं नव्हतं. मनोहररावाची बायको पुष्पलता गच्चीतून हासून हासून खाली वाकली. डॉक्टरीणबाई, अनंताची आई, फाटकात आली, आपल्या हातानं बडग्याच्या तोंडात एक चप्पल मारली अन् मंग ढसाढसा रडली. मी तिले धरलं. असं पयल्यांदाच झालं का लेआउटची बाई माह्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

मनोहररावाच्या घरापुढं कडुनिंबाची सावली आहे ना, तिथं पोट्टे थकले, म्हणून बडग्या टेकवून बसले. ओरडणं चालूच. तवा केशवराव वरून उतरून आले, हातात वर्गणी म्हणून द्याले नारळ. बडग्या पाहिला अन् नारळ हातातून पडला. घाम, अवो, घाम म्हणजे पाण्याच्या धारा! मले बाजूले बोलावलं. हळूच म्हणते, "बाई, झालं तेवढं पुरे. मी आजच जातो."

मी म्हटली, "आजच काहून साहेब, आत्ताच चला ना!"

मले वाटलं, बिचाऱ्याले मिरवणुकीत येवाचं आहे, लाजून राहिला. मी त्यायचा हात धरला अन् बडग्याच्या बाजूले उभं केलं. पोट्टे त्यायच्याभोवती नाचले. ते म्हणे, "दया करा, ते अंगावरचं काढा." मी म्हटली, "काढाचं कायले, आंगासकट जाळू!" त्यावर ते असे पांढरे पडले का मले वाटलं उन्ह लागलं. पाणी पाजलं. मंग ते घरात गेले.

सांजच्याले टेम्पो आला. बायको, दोन ट्रंका अन् केशवराव, आई लई सीरियस आहे म्हणून गावाले गेले. खोलीले कुलूप. पाहा, मिरवणुकीत यायची एवढी इच्छा होती, अन् त्याच दिवशी आईचं असं व्हावं! भल्या माणसायलेच त्रास राहते.

आम्ही नाल्यापाशी बडग्या जाळला. मी तुमच्या नावानं दोन लाकडं जास्त टाकली. आता तरी मनोहरराव मानतीन असं वाटते. विचारलं तर म्हणते, "समितीचे अध्यक्ष परत आल्यावर बघू." म्हणजे तुमचं येणं आता केशवरावाच्या आईच्या तब्येतीवर आहे.

मनकर्णा

*

उमरेड, ९ सप्टेंबर
अर्जंट

मनकर्णे!

अवं येडे, भल्या माणसाच्या बायको, खाली बस, मंग वाच.

पिस्त्या रंगाचा सफारी. खिशाजवळ भोक. ते भोक माह्या ठेल्यावर पडलं आहे! उन्हाळ्यात केशवराव बाकावर बसले होते, सिगारेटची ठिणगी खिशावर पडली, मी गमछ्यानं विझवली. म्हणे, "सोड, बायकोला भांडी घ्यायला होईल." त्याच्या बायकोनं देल्ला कांताबाईले! तुम्ही त्या माणसाच्या दारात त्याचाच सफारी घालून, त्याच्यासारखा काळा चष्मा लावून, खिशात पुड्या भरून, गळ्यात पाटी अडकवून गर्दवाला नेऊन बसवला. अन् वरून त्याचा हात धरून म्हटलं, आत्ताच चल, आंगासकट जाळू!

अवं, साफ माणूस बडग्यात आपला सफारी पाहून हासला असता. म्हणाला असता, माह्या कपड्यात काय झ्याक दिसते. घाम कोणाले फुटते? त्याले वाटलं तुमाले सारं माहीत आहे. आई-बिई काही नाही, पळाला तो. दोन ट्रंका घेऊन टेम्पोत साऱ्यायदेखत निघाला, म्हणजे माल सोबत नेला नसन, वस्तीवाले रस्त्यात धरतीन हे भेव. खोलीतच असन.

मी हे वाचून आक्काच्या अंगणात नाचलो. खरंच नाचलो. आक्कानं डोक्याले हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. मंग तिले वाचून दाखवलं, तर ती पण नाचली, अन् तिचे गुडघे आता खरोखर दुखून राहिले.

हे पत्र मनोहररावाले वाचून दाखव. माह्या नावानं वाचजो. भांडू नको म्हटलं होतं ते वापस घेतलं.

धोंडबा

*

नागपूर, १६ सप्टेंबर

जयाच्या बाबास, तुमच्या मनकर्णेचा लाख वेळा जयभीम.

पत्र भेटलं तवा भगोन्यात दूध उतू चाललं होतं. जाऊ देल्लं.

मी एकटी नाही गेली. कांताबाई, पार्वतीबाई, साऱ्या गेल्या. मनोहररावाच्या फाटकावर उभी राहून मी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं, "अवं येडे" पासून. गच्च्यायवर बाया जमा झाल्या. वाचता वाचता मलेच समजून राहिलं का मी काय करून बसली. हात धरून उभं केलं होतं मी त्याले! बाप्पा, मधेच मले असं हासू आलं का कांताबाईनं पाठीवर थापा मारल्या अन् मंग पुढचं वाचलं.

मनोहरराव म्हणे, "हे सगळे तर्क आहेत. दुसऱ्याची खोली अशी उघडता येत नाही. केशवराव सज्जन गृहस्थ..."

तेवढ्यात पुष्पलताबाई चाव्यांचा जुडगा घेऊन आली. म्हणते, "खोली आपली आहे. तुम्हाला उघडता येत नसेल तर बाजूला व्हा, मी उघडते." मंग डॉक्टरले बोलावलं, पोलिसाले बोलावलं, अन् साऱ्यायच्या समोर उघडली. उशीत! कापूस काढून उशीत गर्द भरून ठेवला होता. जया ड्युटीवरून येऊन राहिली होती, तिनं नाक लावलं नाही, नुसतं डॉक्टरकडं पाहिलं, अन् डॉक्टरनं मान हलवली. तो केशवराव परवा इथंच नागपुरात, लकडगंजात साळ्याच्या घरी सापडला. आई त्याची तिथंच होती, धडधाकट, पापड लाटून राहिली होती म्हणे.

मनोहरराव दोन दिवस दिसले नाही. वरच्या खोलीचं भाडं आपण कोणाकडून घेत होतो, हे त्यायच्या मनाले लागलं असन. काल बाकावर आले. चहा घेतला, पण पिला नाही. म्हणे, "मनकर्णाबाई, धोंडबाला कळवा. आता तो आला तरी आमची हरकत नाही."

मले असा संताप आला! म्हटलं, "हरकत नाही म्हणजे? तुम्ही काय उपकार करून राहिले का? माहा माणूस चोर नसून चोरासारखा गेला. साहेब, आमच्यात पोरगी वापस आणाची असन तर कार्ड नाही टाकत, घरचं माणूस मुऱ्हाळी म्हणून जाते, मान देऊन घेऊन येते. तुम्ही घालवला, तुम्हीच मुऱ्हाळी जा. तोवर ठेला बंद!"

अन् चूल विझवली, अवो, सकाळी सात वाजता, हापिसवाल्यायच्या समोर. त्यायचे तोंडं पाहाले पाहिजे होते तुम्ही. यमुताई म्हणते, "मनोहरराव, पेट्रोलचे पैसे मी देते, पण निघा."

तर ते निघतीन रविवारी, स्कूटरवर. आक्काले सांगजा, पाहुणा येऊन राहिला. अपमान करू नका, जेवू घाला. पण तिखट घाला.

मनकर्णा

*

नागपूर, २२ सप्टेंबर

मीराआक्का यांस,
मनकर्णेचा सप्रेम जयभीम.

तुमचा भाऊ काल सुखरूप पोचला.

तुम्ही लुगड्याच्या धडप्यात बांधून देल्लेली शिदोरी पोचली, तुम्ही नेसवलेलं नवं धोतर पोचलं, अन् मनोहररावही पोचले, पण त्यायचे डोळे अजून लाल आहे. म्हणे, "तुमच्या नणंदेने तीनदा रस्सा वाढला, नाही म्हणायची सोय नव्हती." आक्का, तुमचा हात असाच राहो.

तुमाले सारं सांगते, कारण तुम्ही त्याले पोसला. दुपारची वेळ होती. पोट्टे टाकीवर चढून बसले होते, तेच ओरडले. लेआउटच्या मोठ्या रस्त्यानं स्कूटर आली, वस्तीच्या आडरस्त्यानं नाही. पुढं मनोहरराव, मागं तुमचा भाऊ, एका हातात शिदोरी, दुसऱ्या हातानं सेक्रेटरीचं पोट घट्ट धरलेलं. प्रत्येक फाटकात बाया उभ्या होत्या. डॉक्टरचा अनंतही खुर्ची टाकून बसला होता. आठ दिवसांपासून घरी आहे, पोरगा काडी झाला, पण हासत होता. त्यानं हात केला तर तुमच्या भावाले हात करता येईना, दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यानं शिदोरीच हलवली.

ठेल्यापुढं उतरले. मी मनात लई काय काय ठरवून ठेवलं होतं. ते सारं सोडून मी चुलीवर चहा टाकला. ते माह्याकडं पाहे, मी त्यायच्याकडं. जया दोघायकडं पाहून हासे.

मनोहररावाले भाषण कराचं होतं. खिशातून कागद काढला. म्हणे, "धोंडबाजी," अन् तिथंच थांबले. आक्का, वस्तीतल्या कोणाले त्या माणसाच्या तोंडून 'जी' निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्यायलेही बहुतेक ऐकू आलं असन. कागद घडी करून वापस खिशात घातला, मान खाली गेली. साऱ्या लेआउटसमोर म्हातारा माणूस तसा उभा, मले वाईट वाटाले लागलं. मीटिंगमध्ये तुमचा भाऊ असाच उभा होता, अन् त्याले कोणी खुर्ची देल्ली नव्हती.

तुमच्या भावानं काय केलं सांगू? खांद्यावरचा गमछा काढला, बाक स्वच्छ पुसला, अन् म्हटलं,

"साहेब, उन्हातून आले. पयले बसा."

मनोहरराव बसले. मंग यमुताई बसली, मंग कांताबाई आपली भांड्याची पाटी उतरवून त्यायच्या बाजूले बसली, अन् त्या एवढ्याशा बाकावर वस्तीचे अन् लेआउटचे असे दाटीवाटीनं बसले का बाकाची एक फळी मोडली. कोणी उठलं नाही. तुमचा भाऊ चुलीपुढं गेला, भगोन्यातला माहा चहा एक घोट पिला, अन् इतक्या दिवसांनंतर मले जो पयला शब्द बोलला तो असा:

"पानचट आहे."

मी म्हटली, "मंग तुमीच करा!"

तर ते कधीचेच करून राहिले होते.